टेकूचं लाकूड

वखारीत मला सगळे टकटकबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमची वखार पत्र्याची आहे आणि पत्र्याखाली पाठीमागचं सगळं पुढे ऐकू येतं. फळी हातात आली की मी बोटाच्या पेराने दोनदा टकटक करते, आवाज ऐकते आणि खडूने खूण करते. आतून पोखरलेली फळी बसक्या आवाजात बोलते, ओली नुसती ठप्प करते, आणि चांगली सुकलेली, सरळ रेषांची फळी खणखणीत वाजते. सत्तावीस वर्षं हेच काम केलं आहे. खोटा विनय मला जमत नाही म्हणून सांगते, लाकूड ओळखण्यात माझा हात धरेल असं आमच्या भागात कोणी नाही.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा थंडी सरत आली होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं, "चार महिने. फार तर पाच." दार नीट लागलं नव्हतं. परतताना पायऱ्या उतरता उतरता आई म्हणाली, "तुमच्या वखारीत गाठीची फळी स्वस्तात जाते ना गं? मलाही नेईल कोणीतरी स्वस्तात."

मी हसले नाही. मला राग आला. दुःख झालं की मला आधी रागच येतो. तो नाकावर बसलेलाच असतो, त्याला लांबून यावं लागत नाही.

आईची मागणी एकच होती. घरामागे आमचं छोटं परस आहे, तिथे ती पूर्वी बारा महिने काही ना काही लावायची. गुडघे गेले आणि ते सुटलं. "मला उंच वाफा करून दे," ती म्हणाली. "खुर्चीत बसून हात मातीत जाईल एवढा उंच. वाकता येत नाही म्हणून तुझी बाजारातली शिळी भाजी गिळतेय इतकी वर्षं. एकदा माझ्या हातचं खाऊन जाईन."

तिचं ते 'जाईन' मी कानाआड केलं आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर लिहून घ्यावी तसं लिहून घेतलं. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. दोन इंच जाडीच्या फळ्या, कोपऱ्यांना खांब.

दुसऱ्या दिवसापासून लाकूड बघायला लागले. पाइन ओल्या मातीत दोन वर्षांत भिजल्या पावासारखं होतं. औषध पाजलेल्या हिरवट फळ्यांना वाळवी शिवत नाही, पण ते औषध मातीत उतरतं, मातीतून पाल्यात. ते मी आईला खाऊ घालणार नव्हते. रेल्वेचे जुने स्लीपर होते, त्यांना उन्हात डांबराचा घाण वास सुटतो. देवदार चांगला होता, पण कडेने लवकर कुजणारं पांढरं लाकूड राहिलेलं. सागवान होतं, तर त्याची लांबी कमी. चार दिवसांत मी अर्धी वखार उलथीपालथी केली आणि प्रत्येक फळीत खोट काढली.

आमचा आरेवाला बाबांच्या वेळचा आहे, सगळ्या वखारीत तोच एकटा मला पोरी म्हणतो. तो चहा पीत बघत होता. "अगं पोरी," तो म्हणाला, "मुळ्यांचा वाफा करायचाय ना? की जहाज बांधतेयस?"

"आईसाठी आहे."

त्याने कप खाली ठेवला आणि थप्पीवरची पुढची फळी माझ्याकडे सरकवली.

चार महिन्यांसाठी वाफा करायचा तर पाइनच्या कसल्याही फळ्या चालल्या असत्या, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण चार महिन्यांचं लाकूड निवडायचं म्हणजे ते चार महिने कबूल करायचे. ते मी करणार नव्हते. मला आई हवी होती, बस्स.

मग बाबांच्या खुंट्या आठवल्या. माझ्या आधी वखारीत माझं काम बाबा करायचे. ते म्हणायचे, मातीत घालायचं लाकूड माणसाने निवडू नये, त्याच मातीला विचारावं. म्हणून ते प्रत्येक जातीच्या लाकडाची वीतभर खुंटी करत, ओळखायला तिला खाचा पाडत, वर पेन्सिलने साल लिहीत आणि परसात भिंतीच्या कडेने पुरून ठेवत. वर्षाने उपटायची आणि नख रुतवून बघायचं, किती कुजली. बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली, खुंट्या तशाच मातीत राहिल्या होत्या. मी खुरपं घेऊन भिंतीशी बसले.

पहिल्या जागी नुसती तपकिरी पूड निघाली. बाभळीचा गाभा पेन्सिलीएवढा उरला होता. सागवान बाहेरून मऊ, आत बरं. देवदाराचे दोन तुकडे झाले. पाचव्या खुंटीला एकही खाच नव्हती आणि ती अशी निघाली की जणू सकाळीच पुरली होती. काळपट रंग, कडा धारदार. माती चिकटलेली नाही. बाबांच्या हाताचा पेन्सिलचा आकडा वाचता येत होता.

आमच्या धंद्यात कुजणं हा एकच शत्रू आहे. जी खुंटी जशीच्या तशी बाहेर आली ती जिंकली. ती का जिंकली हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. धावत आत गेले आणि आईच्या हातात खुंटी दिली. डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले असेन.

आईने खुंटी उलटसुलट करून बराच वेळ पाहिली. "ह्यांनी काढली नव्हती होय ही?" ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "चांगलं आहे का लाकूड?"

"चांगलं? असलं मी आयुष्यात पाहिलं नाही."

"मग कर ह्याचाच," आई म्हणाली.

ते लाकूड कुठे आहे हे मला ठाऊक होतं. वखारीत फळ्यांची थप्पी जमिनीवर टेकवत नाहीत, ओल चढते. खाली आडवे जाड ठोकळे घालतात, त्यांना आम्ही टेकू म्हणतो. वखारीच्या अगदी मागच्या टोकाला चार थप्प्यांखाली काळपट रंगाचे लांब टेकू होते, तिथे पाणी साचायचं, तरी बाबांच्या आधीपासून ते तसेच होते. कोणत्या झाडाचे, कुठून आले, कोणालाच माहीत नव्हतं.

"ते नको," आरेवाला म्हणाला. "तुझे बाबा सांगायचे, हे खालीच राहू दे. वर आणायचं नाही."

"का?"

"मी कशाला विचारतोय? राहू दे म्हणाले, राहू दिलं."

बाबा काटकसरी होते, जुनं लाकूड मोडवत नसेल, असा मी अर्थ लावला. आम्ही जॅक लावून थप्प्या उचलल्या, खाली पाइनचे ठोकळे सरकवले आणि ते टेकू बाहेर ओढले. मी सवयीने टकटक केली. आवाज आला नाही. बसका नाही, ठप्प नाही, काहीच नाही. गुडघ्यावर बोट आपटावं तसं फक्त बोटाला लागलं. पुन्हा केली. पुन्हा तेच. टोकाकडून पाहिलं तर झाडाच्या वयाची वलयं नव्हती, एकसारखा काळा रंग. ज्या मुलखात उन्हाळा हिवाळा वेगळा नसतो तिथल्या झाडांना वलयं येत नाहीत, हे मला माहीत आहे. मी तेच मनाला सांगितलं. शहाण्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

आऱ्यावर ते लाकूड सहज चिरलं गेलं. भुसा बारीक पडला आणि हाताला थंड लागला. आरेवाल्याच्या अंगठ्याच्या बुडाशी एक कुसळ घुसलं, त्याने शिवी हासडली आणि काम पुढे चालू ठेवलं. दोन रविवारांत वाफा उभा राहिला. स्क्रू मीच पिळले. आई खुर्चीत बसून चुका काढत होती, म्हणजे खूश होती. माती भरली, खत कालवलं आणि तिने पालक, मुळे, टोमॅटो आणि कडेने घेवडा लावला.

सहा आठवड्यांत वाफा भरून गेला. तसा पालक मी बाजारातही पाहिला नव्हता. आई रोज त्यातलंच खायची, सकाळी सूप, दुपारी भाजी. मला मात्र हात लावू देत नव्हती. एकदा मी घेवड्याची एक शेंग तोडून तोंडात टाकायला गेले तर तिने सरळ हातावर फटका मारला.

"तुला लहानपणापासून पाला म्हणजे शिक्षा," ती म्हणाली. "आता कुठून जीभ सुटली? तू आपली बाजारातली खा."

"एवढी कंजूष कधीपासून झालीस?"

"मरताना माणूस होतं कंजूष," आई म्हणाली आणि शेंगांची टोपली स्वतःच्या मांडीवर घेतली.

चौथा महिना गेला. पाचवा गेला. सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दोन फोटो उजेडावर शेजारी शेजारी लावले, पहिल्या वेळचा आणि आत्ताचा. बराच वेळ त्या पट्टी घेऊन मोजत होत्या. "वाढलेली नाही," त्या म्हणाल्या. "कमीही झालेली नाही. एका मिलिमीटरचा फरक नाही. असं मी पाहिलेलं नाही." मी मोठ्याने रडले, मग वखारीत जाऊन सगळ्यांना मिठाई वाटली. टकटकबाईने स्वतःच्या पैशाने मिठाई आणली यावर लोकांचा आधी विश्वासच बसेना. मी सगळ्यांना सांगितलं, लाकूड नीट निवडलं तर माती नीट राहते आणि माती नीट राहिली तर माणूस.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मला डब्यांच्या मागे तो मुळा सापडला.

स्वयंपाकघर आवरत होते. फळीवर चहाच्या डब्यामागे एक मुळा पडलेला होता, वाफ्यातला. आईने तो कधी ठेवला असेल ते मला आठवेना, पण मधे किमान एक महिना तिने मुळे काढले नव्हते. त्याची पानं ताठ होती. मुळाशी लागलेली माती अजून ओली होती. मी तो वासासाठी नाकाशी नेला तर वासही आला नाही. आईला विचारायचं म्हणून वळले आणि का कोण जाणे, न विचारता तो कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी कचऱ्यात बाकी सगळं आंबलं होतं. मुळा तसाच.

मग मी बघायला लागले, आणि बघायला लागल्यावर दिसत गेलं. शेजारच्या परसांत वेल पिवळे पडून वाळत होते, आमचा घेवडा फुललेला तो फुललेलाच. वाफ्यात जे लावलं ते भरात आलं आणि तिथेच थांबलं. एक पान गळलं नव्हतं. एका फुलावर मधमाशी बसली होती, ती दुसऱ्या दिवशी त्याच फुलावर, तिसऱ्या दिवशीही. मी हलकेच फुंकर घातली. तिचे पंख थरथरले, म्हणजे मेली नव्हती. पण उडाली नाही. मी हात पाठीमागे बांधून घरात आले आणि दाराची कडी लावली. भर दुपारी. मला भीती वाटली, आणि ती मला मान्य करायची नव्हती म्हणून मी भांडी आपटत घासली.

आईची नखं दर रविवारी मी कापते. तिला चष्म्यातूनही दिसत नाही. नेलकटर शोधायला गेले तर तो खणात इतका मागे गेला होता की मला थांबून आठवावं लागलं, शेवटची कधी कापली होती. वसंतात. तिचे केस विंचरताना कंगव्यात एकही केस येत नव्हता. आणि ती झोपत नव्हती. मी पाणी प्यायला उठले की ती खिडकीशी बसलेली दिसायची, डोळे उघडे, हात पोटावर. "झोप लागत नाही का?" म्हटलं की म्हणायची, "म्हाताऱ्या माणसाला कशाला हवी झोप? पुढे भरपूर आहे की."

त्याच आठवड्यात आरेवाल्याने मला बाजूला बोलावलं आणि अंगठा पुढे केला. "हे बघ."

अंगठ्याच्या बुडाशी बारीक गुलाबी खूण होती, भरून आलेल्या जखमेची असते तशी.

"तुझ्या त्या लाकडाचं कुसळ," तो म्हणाला. "सात महिने, पोरी. सात महिने ती जखम ताजी होती. रक्त यायचं नाही, पू नाही, खपली नाही. रोज पहिल्या दिवसासारखी झोंबायची. बायकोने चार मलमं लावली. शेवटी गेल्या आठवड्यात सुईने कोरून ते कुसळ बाहेर काढलं. पाच दिवसांत खपली धरली आणि पडली. आता सांग मला, ते लाकूड कसलं होतं?"

मी म्हणाले, "मला काय माहीत?" पण मला सगळं माहीत झालं होतं. काय अडवून धरलं आहे ते कळलं, आणि ते कसं सोडवायचं तेही.

आणि मी काय केलं? काहीच नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण लोक मला चांगली मुलगी समजतात. मी तीन आठवडे गप्प बसले. कोणाची आई अशी थांबते? कोणाला मिळतं हे? मी रोज सकाळी वाफ्यातला पालक कापून सूप केलं, वाटी तिच्या हातात दिली आणि ती शेवटच्या घोटापर्यंत पिते की नाही ते उभं राहून पाहिलं. एक दिवस तिने अर्धी वाटी ठेवली तर मी तिला लहान पोराला रागवावं तशी रागावले. तिने मुकाट्याने उरलेलं प्यायलं.

चौथ्या रविवारी आई म्हणाली, "आज नखं काप ना."

"वाढली नाहीत गं."

"ते मला माहीत आहे," आई म्हणाली. "तुला माहीत आहे का, ते बघत होते."

मी तिच्या पायांशी जमिनीवर बसले. मग तिनेच सांगितलं. तिसऱ्या की चौथ्या महिन्यातच तिच्या लक्षात आलं होतं. बाबांनी ती पाचवी खुंटी पुरली आणि दर वर्षी काढून बघितली, दर वर्षी न बोलता परत खोचली. एका वर्षी खुंटीला चिकटून एक गांडूळ होतं, ताठ, न मेलेलं. बाबांनी ते चिमटीत धरून लांब मातीत ठेवलं, तासाभराने ते हललं. त्यानंतर बाबांनी ते लाकूड कोणाला विकलं नाही. आईला इतकंच म्हणाले की मातीत घालायचं ते कुजणारं हवं, नाहीतर माती करणार काय.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू खुंटी घेऊन आलीस तेव्हा हसत होतीस. मला वाटलं, लाकूड ते लाकूड. कळलं तेव्हा पाला पोटात गेला होता. म्हणून तुला शेंग खाऊ दिली नाही. मी एकटी पुरे."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "दुखतं का?"

"पहिल्या दिवशी दुखलं तेवढं."

"म्हणजे रोज?"

"रोज तेवढंच. जास्त झालं असतं तर ओरडले तरी असते, कळलं असतं तुला. कमी झालं असतं तर डोळा लागला असता. ते हलतच नाही गं. पाहुणा येऊन बसतो आणि उठायचं नावच घेत नाही, तसं."

"आठ महिने? आठ महिने तू हे सोसलंस आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तू मिठाई वाटत होतीस," आई म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते सांगायला लाज वाटते. तू मला फसवलंस म्हणाले, मी तुझ्यासाठी अर्धी वखार पालथी घातली म्हणाले. ती ऐकत राहिली आणि माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. त्या हाताला कंप होता, जो वसंतात होता तेवढाच. मग माझा राग संपला आणि त्याच्या मागे दडून बसलेलं सगळं बाहेर आलं, आणि मी तिच्या मांडीत डोकं खुपसून पन्नाशीच्या बाईने रडू नये तशी रडले.

"मोडलं की लगेच जाशील का?" मी विचारलं.

"मला काय माहीत? डॉक्टरीणबाईंनी चार महिने दिले होते, त्यातले दीड आपण वापरले. उरलेले कुठे शिल्लक असतील तर मिळतील. नसतील तर नाही." मग म्हणाली, "तू मोड मात्र. दुसऱ्या कोणाला बोलवू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेले नाही. सकाळी आईला स्वेटर घालून खुर्चीत परसात बसवलं, तिनेच खुर्ची वाफ्याच्या जवळ घ्यायला लावली. ड्रिल उलटं फिरवून एकेक स्क्रू काढला. स्क्रू गंजले होते, फळीतली भोकं मात्र नवी कोरी. पहिली फळी निघाली, मी आईकडे पाहिलं. "काय बघतेस? पुढची काढ," ती म्हणाली. दुसरी निघाली. तिसऱ्या वेळी माती ढासळून माझ्या पायांवर आली. प्रत्येक फळीगणिक मी वळून बघत होते आणि ती प्रत्येक वेळी हाताने मला पुढे हाकत होती.

दुपार उलटायला आली तेव्हा एकच फळी राहिली. घेवड्याच्या बाजूची, सगळ्यात खालची. माझ्या हातून ड्रिल सुटलं. मी ते उचललं नाही. मी म्हणाले, "आई, ही एवढी राहू दे. एकच. कदाचित थोडंसं दुखेल आणि तू थोडीशी..."

"फळी चांगली आहे म्हणून मोडवत नाही ना तुला?" आई म्हणाली. "बापावर गेलीस. चल, इथे ये."

ती खुर्चीतून उठली. परसातल्या या खुर्चीतून आठ महिन्यांत ती आपणहून उठली नव्हती. माझ्या खांद्यावर भार टाकून तिने पहारीचं टोक फळीखाली घातलं, माझे हात त्यावर ठेवले आणि वर स्वतःचे. तिचे हात गरम होते. आम्ही दोघींनी रेटलं. फळी मातीतून सुटली तेव्हाही आवाज झाला नाही.

घेवड्याचा वेल आधी वाकला आणि मग बसला. पानं माझ्या डोळ्यांदेखत पिवळी पडली, टोमॅटो एकेक करून फुटले आणि त्यांचा आंबट वास परसभर पसरला. मातीला मातीचा वास आला. फुलावरची मधमाशी खाली पडली, पाय झाडत आईच्या खुर्चीच्या हातावर चढली आणि भिंतीवरून उडून गेली.

मी आईला परत खुर्चीत बसवलं. ती मधमाशीच्या दिशेने बघत होती. मग तिने तोंडावर हात न धरता भली मोठी जांभई दिली, लहान मुलं देतात तशी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं, झोप आली मला," ती केवढ्या आनंदाने म्हणाली. तिने मान एका बाजूला टाकली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने, मी सांगून ठेवल्याप्रमाणे, आरेवाला हातगाडी घेऊन फळ्या न्यायला आला. फाटकातूनच त्याने मला आणि आईला पाहिलं, हातगाडी तिथेच उभी केली आणि खुणेने विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

ऊन तिरकं होऊन आईच्या मिटलेल्या डोळ्यांवर येत होतं. मी तिच्या आणि उन्हाच्या मधे जाऊन उभी राहिले, माझी सावली तिच्या चेहऱ्यावर पडेल अशी. तिची छाती हलते आहे का हे पाहायला फक्त मान खाली करायची होती. ती मी केली नाही. ऊन सरकलं की मी एक पाऊल सरकत होते, आणि मला एवढंच हवं होतं की तिला जाग येऊ नये.